बसवेशच्या जागी बसलेला माणूस

टेस्ट ट्रॅकच्या खोलीतल्या पडद्यावर नाव उमटलं तेव्हा शांभवीला आधी आनंदच झाला. बसवेश गुरुसिद्ध कित्तुरे, अवजड वाहनाचं लायसन, ट्रॅकवर पुढचा नंबर. तिचा चुलत भाऊ. आज दुपारनंतर कागलच्या घरी नव्या ट्रकची पूजा आहे हे तिला ठाऊक होतं. पण बसूची टेस्टही आजच आहे, हे कुणी बोललं नव्हतं. तिनं तरी कुठं सांगितलं होतं, की इथले निरीक्षक आजारी पडले म्हणून हायवेच्या नाक्यावरून तिला थोडे दिवस या ट्रॅकवर पाठवलंय?

“ही टेस्ट तुम्ही घ्या,” ती शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली. “घरचा माणूस आहे. मी घेतलेली बरी दिसणार नाही.”

“मग पेढे कधी?”

“पास तर होऊ दे आधी.”

ती काचेच्या खोलीतून उतरून ट्रककडं गेली. कॅमेऱ्यानं चेहरा जुळवून झाला होता, खांबावरचा हिरवा दिवा लागला होता, आणि ट्रक सुरुवातीच्या पट्ट्यावर घरघरत उभा होता. शांभवीनं केबिनच्या दारावर थाप मारली.

“काय रे बसू, गपचूप आलास व्हय?”

खिडकीतून खाली वाकलेला चेहरा बसूचा नव्हता. तिशी ओलांडलेला माणूस, उन्हानं रापलेला, गिअरवरचा हात सैल आणि सरावाचा. शांभवीला वाटलं, आपलाच काहीतरी घोटाळा झाला.

“तुमचं नाव काय?”

“बसवेश गुरुसिद्ध कित्तुरे,” तो न अडखळता म्हणाला.

“गाव?”

“कागल.”

“आईचं नाव?”

“बसव्वा.”

ते नाव शांभवी पहिल्यांदाच परक्या माणसाच्या तोंडून ऐकत होती. तिची आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. त्यानंतर तिच्या वेण्या घातल्या, ताप आला तर उशाशी बसून राहिली, ती ही बसव्वा. आणि हा माणूस ते नाव पाढ्यासारखं म्हणत होता.

“घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?”

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. “बसवेशच म्हणत्यात की.”

“बसवेश माझा भाऊ आहे,” शांभवी म्हणाली. “इंजिन बंद करा. खाली उतरा.”

तो उतरला. पळाला नाही. ट्रकच्या चाकाला टेकून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, “मॅडम, माझं नाव ज्ञानू. मी निस्ती गाडी मारतो. एजंट सांगंल त्या नावानं बसायचं, एवढंच.”

“आजवर किती जणांच्या नावानं बसलास?”

“मोजलं न्हाय वो.”

सहकारी मागून आला होता. त्यानं खोलीत जाऊन अर्ज उघडून बघितला आणि सगळं लक्षात आलं. एजंटनं खोटं कारण देऊन बसवेशच्या अर्जावरचा फोटोच बदलून घेतला होता. मशीननं चेहरा जुळवला तो बरोबरच जुळवला होता; जुळवायला दिलेला फोटो ज्ञानूचा होता. दुसरं कुणीही निरीक्षक आज इथं असतं, तर हा माणूस पास झाला असता आणि लायसन बसवेशच्या हातात पडलं असतं.

“मॅडम,” सहकारी हळूच म्हणाला, “नापास करू आणि सोडून देऊ. तुमच्या घरचं आहे. वर कशाला कळवायचं?”

शांभवीनं मोबाइल हातात घेतला. पहिलं बोट बसूच्या नावावर गेलं. मग तिनं ट्रॅकबाहेर रांगेत थांबलेले बाकीचे लोक बघितले. आपापल्या नावानं आलेले, घामेजलेले, पट्ट्याकडं बघून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणारे.

“हा आज गेला, तर उद्या दुसऱ्याच्या नावानं येऊन बसेल,” ती म्हणाली आणि तिनं वरिष्ठांना फोन लावला. मग पोलिसांना.

*

कागलात कित्तुऱ्यांच्या दारात नवा ट्रक उभा होता. काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढून झाले होते, बंपरला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. आत पुरणाच्या होळग्या झाल्या होत्या आणि बसव्वा शेवटची होळगी तव्यावरून काढत होती, तेव्हा बाहेर नवऱ्याचा आवाज चढला. पोलिसांचा फोन आला होता.

पूजेला आलेल्या स्वामींना काहीतरी कारण सांगून परत पाठवलं. राजारामपुरीतलं स्पेअर पार्टचं दुकान बंद करून आलेले धाकटे दीर शशिधर, म्हणजे शांभवीचे वडील, कट्ट्यावर डोकं धरून बसले. बसवेश ट्रकच्या आडोशाला उभा राहिला. त्यानं बापाला एकाच वाक्यात सांगून टाकलं होतं, व्हय, मीच माणूस बसवलावता.

शांभवी गणवेशातच आली. स्कूटर उभी करून ती दाराकडं वळली तोच गुरुसिद्धाप्पा आडवे आले. थोरले चुलते. लहानपणापासून ती त्यांना दोड्डप्पा म्हणत आली होती.

“थांब तितंच. फोन तू केलास?”

“व्हय दोड्डप्पा. मीच.”

“भावाला आधी इचारावं, घरात कुणाला सांगावं, असं काय वाटलं न्हाय?”

“वाटलं. पण घरात सांगितलं असतं तर एजंटला कळलं असतं. त्यो पळाला असता.”

“पळू दे की! तुझं काय जात हुतं?” गुरुसिद्धाप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “माझा बाप गुळाच्या बैलगाड्या हाकत हुता. मी ट्रक हाकला. आज आठ गाड्या कारखान्यांचं कास्टिंग घिऊन पंचतारांकित वसाहतीला जात्यात. इतक्या वर्षांत ह्या दारात पोलीस आला न्हाय. आज आला, तो माझ्या पुतणीनं धाडला!”

शशिधर उठून भावाशेजारी उभे राहिले. लेकीकडं न बघता म्हणाले, “अण्णाचं बरोबर हाय शांभवी. नापास करून सोडायचं हुतंस. तू शिकलीस, हापिसर झालीस, ती अण्णाच्या जिवावर. मी दुकानात, तू होस्टेलवर. कोण बघत हुतं तुझ्याकडं?”

“बाबा, मी ते विसरलेली न्हाय.”

“विसरलीस म्हणूनच तर!” बसव्वा दारातून बोलली. बोलायचं नव्हतं तिला. पण पोटचं पोर ट्रकच्या आड तोंड लपवून उभं होतं, आणि ज्या पोरीला तिनं वाढवलं होतं ती खाकी कपडे घालून समोर उभी होती. तिला दोघांपैकी एकालाच जवळ घेता येणार होतं. “माझ्या लेकराला चौकीत घालायला तुला मोठी केली व्हय गं मी?”

शांभवीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. दोड्डव्वाला, म्हणजे बसव्वाला, उत्तर देण्याऐवजी ती ट्रककडं वळली.

“बसू, मला एक सांग. कार तू कॉलेजपासनं चालवतोस. ट्रक शिकायला पण गेलतास. मग दुसरा माणूस का बसवलास?”

हा प्रश्न एवढ्या वेळात कुणी विचारलाच नव्हता.

“आळस, दुसरं काय!” गुरुसिद्धाप्पा म्हणाले. “आयतं पायजे सगळं.”

बसवेश ट्रकच्या आणखी आड सरकला.

स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची बायको शिवांजली उभी होती. गेल्या साली लग्न होऊन निपाणीहून या घरात आलेली. थोरल्यांच्या बोलण्यात तिनं अजून कधी तोंड घातलं नव्हतं. पण तिला उत्तर माहीत होतं. ताटाच्या उजव्या अंगाला ठेवलेला तांब्या नवऱ्याच्या हातून रोज सांडायचा. दिवस मावळल्यावर गाडी चालवायची असली, की तो तिला म्हणायचा, तू कडंला बघत बस आणि कोण आलं तर सांग. नव्याच्या नवलाईत तिला ते लाडाचं वाटलं होतं. मग एकदा जत्रेच्या गर्दीत त्यानं तिचा हात सोडला आणि ती हातभर अंतरावर उभी असताना तिला हाका मारत सुटला. त्या दिवशी त्यानं तिच्याकडून शपथ घेतली होती, घरात बोलायचं न्हाय.

शिवांजली उंबरा ओलांडून बाहेर आली.

“मामंजी, आळस न्हाय. त्यांना कडंचं दिसत न्हाय.”

“शिवांजली, गप बस,” बसवेश ओरडला.

“न्हाय बसत. वर्ष झालं, बसलेच हुते की गप.”

“काय दिसत न्हाय?” गुरुसिद्धाप्पा चिडून म्हणाले. “इकडं ये रे. त्या कुंपणाजवळच्या जुन्या गाडीचा नंबर वाच.”

बसवेशनं एका दमात नंबर वाचला. एवढ्या लांबून शशिधरनाही तो नीट लागत नव्हता.

“हे बघा! घारीची नजर हाय,” शशिधर म्हणाले.

“बसू, तसाच समोर बघत राहा. मान हलवू नको,” शांभवी म्हणाली. ती त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर तिनं हात धरला. पाची बोटं हलवली. अंगणातल्या सगळ्यांनी तो हात बघितला. “माझा हात कुठं आहे?”

“कुठला हात?” बसवेश म्हणाला.

तिनं हात आणखी पुढं नेला. “आता?”

“अक्का, सुरू तरी कर की.”

बसव्वानं पदर तोंडाशी नेला. शांभवीनं हात हळूहळू समोर आणला, जवळजवळ नाकापुढं, तेव्हा कुठं बसवेश दचकला आणि त्यानं मान वळवली. सगळ्यांची तोंडं बघून त्याला कळलं, काय झालं ते.

तो ट्रकच्या पायरीवर मटकन बसला.

“शिकाय गेलतो तवाची गोष्ट हाय,” तो जमिनीकडं बघत बोलू लागला. “गाडी मागं घेत हुतो. उजव्या अंगानं एक म्हातारी शेळी घिऊन चाललीवती. मला दिसलीच न्हाय. शिकवणाऱ्यानं ब्रेक हाणला म्हणून वाचली. खाली उतरून बघितलं तर चाकाजवळ बसून थरथरत हुती. त्या दिवशी ठरवलं, टेस्टला आपण न्हाय बसायचं. आपल्याला जमायचं न्हाय.”

“आणि लायसन मिळालं असतं म्हंजे?” शांभवीनं विचारलं. “ट्रक घेऊन गेला असतास?”

“मग काय करणार? अप्पांनी गाडी माझ्या नावानं बुक केलीवती. ह्या घरात ज्यानं वर्षभर ट्रक हाकला न्हाय, त्याला हापिसात खुर्ची न्हाय. अप्पांचाच नियम हाय न्हवं? मला दिसत न्हाय म्हणून सांगू? कुणाच्या तोंडानं सांगू?”

गुरुसिद्धाप्पांचा राग कुठं जायचं ते न कळल्यासारखा चेहऱ्यावर तसाच राहिला होता. ते शांभवीकडं वळून म्हणाले, “तू जा आता. आज तुला ह्या दारात बघवत न्हाय मला.”

ते आत गेले. शशिधर मागोमाग गेले, पण उंबऱ्यात थबकून त्यांनी एकदा वळून लेकीकडं बघितलं. बसव्वाला वाटलं, पोरीला हाक मारावी, चार होळग्या बांधून द्याव्यात. ती डबा आणायला आत गेली. परत आली तेव्हा स्कूटर हायवेला लागली होती. शिवांजली मात्र अंगणाच्या फाटकापर्यंत गेली होती. ती परत येऊन म्हणाली, “आत्ती, वन्सं म्हणाल्या, उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. राजारामपुरीत चांगल्या बाई हायत. नंबर लावून ठेवते म्हणाल्या.”

बसव्वानं डबा खाली ठेवला.

“एवढं ऐकून घेतलं, आणि नंबर लावते म्हणाली?”

“व्हय.”

*

डॉक्टर वर्षाराणींच्या दवाखान्यात बसवेशला एका पांढऱ्या घमेल्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं. आत बारीक दिवे लुकलुकतील, दिसला दिवा की बटण दाबायचं. बसवेश वाट बघत बसला. मधूनच एखादा दिवा दिसायचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्याला वाटलं, मशीन बंद पडलं.

“मशीन चालूच होतं,” नंतर डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी कागद पुढं केला. मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती सगळं काळं. “हे तुम्हाला दिसतं, आणि हे सगळं दिसत नाही. काचबिंदू म्हणतात याला. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. बोर्डावरची अक्षरं शेवटपर्यंत वाचता येतात. म्हणून तर तुमच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्यालाही कळलं नाही. त्यानं बोर्ड वाचायला सांगितला असेल.”

“त्यानं त्योबी सांगितला न्हाय,” बसवेश म्हणाला. “एजंट सही घिऊन आलावता.”

शिवांजलीनं विचारलं, “गेलेली नजर परत येईल?”

“नाही. खोटं सांगणार नाही मी. पण राहिली आहे ती राखता येईल. थेंब रोज घालायचे, जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही. गाडी चालवायची नाही, कारसुद्धा.” मग त्या म्हणाल्या, “आणखी वर्ष-दोन वर्षं अशीच गेली असती, तर हा मधला ठिपकाही राहिला नसता. कुणाच्या लक्षात आलं?”

“वन्संच्या,” शिवांजली म्हणाली. “यांच्या बहिणीच्या.”

“मग त्यांचे आभार माना. आणि रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासायला आणा. हा आजार घराण्यातून येतो.”

दवाखान्याबाहेर रिक्षांची गर्दी होती. बसवेशनं शिवांजलीचा दंड धरला, रस्त्यावर, लोकांसमोर. आधारासाठी असा उघडपणे पहिल्यांदाच. दिसत नाही ते लपवण्यात त्याची केवढी ताकद चालली होती, हे, लपवायची गरज उरली नाही तेव्हा त्याला कळलं. अंगातून मोठा बोजा उतरावा तसं त्याला वाटत होतं. आपण किती गमावलंय हे नुकतंच ऐकून आलोय, आणि तरी हे असं वाटतंय, याचं त्याला नवल वाटलं.

घरी न जाता तो काकांच्या दुकानात गेला.

“काका, माझ्यासंगं चौकीत चला.”

“कशाला? वकील म्हणालेत, आपण होऊन काय सांगायचं न्हाय.”

“सांगायचं हाय मला. एजंट कोण, कुठं बसतो, शिकल्याचा दाखला कसा दिला, सही कुणाची आणली, समदं. त्या ज्ञानूच्या जिवावर माझ्यासारखे कितीजण ट्रक घिऊन रस्त्यावर फिरत असतील काका? त्यातल्या कितीजणांना दिसतंय?”

शशिधरनी शटर ओढलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी मी शांभवीला बोललो ते बरं न्हाय केलं.”

“मग तिला सांगा की.”

“सांगाय गेलतो. भाजी-भाकरीचा डबा दिऊन आलो. डबा दिला, आणि बोलायचं ऱ्हाऊनच गेलं.”

दोन-तीन दिवसांनी बसवेशनं शांभवीला फोन केला.

“अक्का, जबाब दिलाय मी. माझ्यावरची केस हाय तशी चालणार. तारखेला जायाचं. केलंय म्हटल्यावर भोगायलाच पायजे.”

“बसू...”

“ऐक की. डॉक्टर म्हणाल्या, वर्ष-दोन वर्षांत समदंच गेलं असतं. शिवांजलीचं तोंडबी दिसलं नसतं मला. आणि ती शेळीवाली म्हातारी, आजून डोळ्यासमोर येती. तू त्या दिवशी गप बसली असतीस, तर कुठल्या तरी रस्त्यावर तसली दुसरी कोण तरी माझ्या चाकाखाली आली असती. आभार मानायची मला सवय न्हाय गं.”

“मला ऐकायची न्हाय,” शांभवी म्हणाली, आणि मग दोघंही हसले. “आणखी एक सांगते. त्या एजंटला उचललाय. तुझा जबाब लागला म्हणूनच उचलता आला. आणि मी वर लिहून दिलंय, की ट्रकच्या टेस्टला येणाऱ्याचा चेहरा आधीच्या लायसनवरच्या फोटोशी पण जुळवून बघायचा. आमच्या ट्रॅकवर सुरू झालं. ज्ञानू ज्यांच्या ज्यांच्या नावानं बसलावता, त्यांना पण परत बोलवायला लागलेत.”

“डोळे तपासून घे म्हणावं त्यांचे.”

“म्हणणार की.”

*

गुरुसिद्धाप्पांना दवाखान्यात आणायला बसव्वाला फार बोलावं लागलं. माझं डोळं ठणठणीत हायत, असं ते गाडीत बसेपर्यंत म्हणत होते. पण डॉक्टरबाईंनी त्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला, दुसऱ्यांदा मोजला, आणि म्हणाल्या, तुमचाही वाढलाय. पण तुम्ही अगदी वेळेवर आलात, अजून काही गेलेलं नाही. मग सिस्टरनं त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं आणि बाकावर बसवलं. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, ती म्हणाली.

मिटल्या डोळ्यांनी बसायची त्यांना सवय नव्हती. बसव्वा शेजारी होती. थोड्या वेळानं आतून बसवेशचं नाव पुकारलं, बाकावर हालचाल झाली, कुणी उठलं, कुणी बसलं. बांगड्या वाजल्या. गुरुसिद्धाप्पांनी आपला हात बाजूला केला आणि त्यांना तळहात सापडला. त्यांनी तो धरला.

“बसव्वा,” ते हळू आवाजात म्हणाले, “आपल्या ड्रायव्हरास्नीबी आणायला पायजेत हितं. समद्यास्नी. माझ्या गाडीवर बसणाऱ्याला दिसतंय का न्हाय, हे मी कधी बघितलंच न्हाय. हात बघितला, गिअर बघितला. डोळं कोण बघतंय?”

शेजारी बांगड्या पुन्हा वाजल्या.

“आणि बशाला उद्यापास्नं हापिसात बसू दे. वर्षभर ट्रक हाकायचा नियम मीच केलावता, मीच मोडला. त्या नियमापायी पोरगं बापाला सांगाय भ्यालं, की अप्पा मला दिसत न्हाय. असला कसला बाप म्हणायचा मी?”

हात त्यांच्या हातात किंचित हलला.

“त्या दिवशी शांभवीला दारातनं घालवली. बघवत न्हाय म्हटलं तिला. तिची आई गेली तवा माझ्या खांद्यावर झोपायची ती. तिच्यामुळं माझ्या लेकाचं डोळं वाचलं, आता माझंबी वाचलं. आणि कुणाचं तरी म्हातारं माणूस रस्त्यावर वाचलं असंल, ते निराळंच. एवढं कोण करतंय घरच्या माणसासाठी? लोक म्हणतात, घरचं हाय तर झाकावं. तिनं झाकलं न्हाय म्हणून आम्ही हितं बसलोय. तिला कसं बोलवू गं? तू बोलव. तुझं ऐकंल.”

“बोलवायला कशाला पायजे दोड्डप्पा? मी आलेच हाय की.”

गुरुसिद्धाप्पा ताठ झाले. “शांभवी?”

“व्हय. मीबी डोळे तपासायला आलेय. दोड्डव्वा बसूबरोबर आत गेलीय.”

“कवापास्नं बसलीयास?”

“ड्रायव्हरांपास्नं.”

म्हाताऱ्याच्या पापण्या थरथरल्या. “सिस्टर म्हणालीय, उघडायचं न्हाय.”

“मग नका उघडू.”

“बरंच झालं. उघडं असतं तर माझ्या तोंडातनं ह्यातलं एक अक्षर बाहेर पडलं नसतं.” त्यांनी तिचा हात सोडला नाही. उलट दुसरा हातही त्यावर ठेवला. “लई उपकार झाले पोरी.”

शांभवीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. समोरच्या बाकावरची बाई आपल्या पोराला बिस्किट भरवता भरवता त्यांच्याकडं बघत होती.

आतलं दार उघडलं. बसव्वा डॉक्टरबाईंशी काहीतरी बोलत मागंच राहिली आणि बसवेश एकटा बाहेर आला. गर्दीनं भरलेल्या खोलीत तो दाराशी थांबला, समोर बघत, आपली माणसं कुठं बसलीत ते न कळून.

“बसू, उजवीकडं,” शांभवीनं हाक मारली. “आम्ही हितं हाय.”

त्यानं मान पुरती वळवली, दोघांना बघितलं, आणि बाकांच्या कडेला हात लावत निघाला. गुरुसिद्धाप्पांनी मिटल्या डोळ्यांनी त्या पावलांचा आवाज ऐकला. ती पावलं त्यांच्याकडंच येत होती.